फिशटँकची काच ठरते ती पाण्याच्या उंचीवर

मागच्या अंकात घरी बांधलेल्या टँकबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, आणि जवळपास सगळी आपल्या खान्देशातली. अमळनेरला मी अठ्ठावीस वर्षं काचेचं दुकान चालवलं. खिडक्या, शोकेस, आरसे हे पोटापाण्याचं काम, आणि फिशटँक जिवाच्या आवडीचं. दुकान आता मुलाकडे आहे, त्यामुळे पत्रं नीट वाचायला वेळ मिळतो. एकसारखे प्रश्न एकत्र करून या वेळी सहा निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : हॉलमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टँक करायचा आहे. ओळखीचा काचवाला म्हणतो, ८ एमएम काच पुरेल. मेहुणा म्हणतो, काच फुटते, अ‍ॅक्रिलिक घ्या. मिस्त्री म्हणतो, तीन बाजू प्लायच्या करा, पैसे वाचतील. कुणाचं ऐकू?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

भाऊ, आधी एक कळकळीची विनंती. ८ एमएमची काच कापायला टाकली असेल तर आजच फोन करून थांबवा.

तुमच्या काचवाल्याने लांबी बघितली, रुंदी बघितली. पण काच ठरते ती पाण्याच्या उंचीवर. विहिरीत तळाशी बुडी मारली की कान दडे बसल्यासारखे दुखतात. विहीर दहा फूट रुंद असो की चाळीस फूट, दुखायचे तेवढेच दुखतात. कानाला कळते ती फक्त खोली. टँकच्या काचेचंही तसंच आहे. लांबीमुळे काच थोडी जास्त वाकते हे खरं, पण तिच्या दर फूट लांबीवर रेटा किती येणार हे वरून खाली पाणी किती उभं आहे त्यावरच ठरतं.

तुमच्याच मापाचा हिशोब करू. ७५ सेंटिमीटर पाणी भरलं तर ६ फुटी पुढच्या काचेवर एकूण रेटा सव्वापाचशे किलोच्या आसपास येतो. पाणी ६० सेंटिमीटरच ठेवलं तर तोच रेटा ३३० किलोवर उतरतो. उंची फक्त अर्ध्या फुटाने कमी झाली आणि जवळपास दोनशे किलो उतरले. अडीच फूट उंचीला ८ एमएम काच लावली, तर काच मोडायला जेवढा ताण लागतो तेवढा तिच्यात पहिल्याच दिवशी भरलेला असेल. सुरक्षेसाठी शिल्लक काहीच नाही. एखादं पोर खेळता खेळता येऊन टेकलं, तरी तेवढं निमित्त पुरेल. टँकच्या काचेत निदान साडेतीन-चार पट शिल्लक धरायची असते. त्या हिशोबाने, वरून पट्ट्या न लावता, अडीच फुटी टँकला १९ एमएम काच लागते. तुमच्या मापाची ती एकटी पुढची काच ६५ किलोची होईल. ती उचलायला चार माणसं लागतात आणि चौघांनाही कामाची सवय असावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं की मापं उलटी करा. अडीच फूट जे उंचीला दिलंय ते रुंदीला द्या, आणि उंची २ फूट ठेवा. टँकमध्ये पाणी तेवढंच मावेल, काठोकाठ धरलं तर साडेआठशे लिटर. माशाला वर-खाली फिरण्यापेक्षा मागे-पुढे वळायला जागा मिळाली तर तो जास्त खुलतो. पाण्याचा उघडा पृष्ठभागही वाढतो, आणि पाण्यात हवा विरघळते ती तिथूनच. आपल्याकडे याचं मोल फार आहे. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. भुसावळच्या मे महिन्यात घरातलं पाणी ३० च्याही वर जातं. शिवाय २ फुटी टँकच्या तळापर्यंत आपला हात पोहोचतो. अडीच फुटीत काखेपर्यंत बुडलं तरी कोपऱ्यातली घाण हाताला लागत नाही, आणि मग टँक धुवायचा कंटाळा सुरू होतो.

२ फूट उंचीला १२ एमएम काच घ्या आणि वरून पट्ट्या लावा. पुढच्या आणि मागच्या काचेच्या वरच्या काठाला आतून, पूर्ण लांबीच्या, ४ इंच रुंद काचेच्या आडव्या पट्ट्या. त्या दोन पट्ट्यांना जोडणारी मध्यावर एक. काच सगळ्यात जास्त फुगते ती वरच्या काठाच्या मध्यावर, आणि या पट्ट्या तिला तिथेच धरून ठेवतात. पट्ट्या नको असतील, वरून मोकळं दिसायला हवं असेल, तर १५ एमएम. दोन्ही चालेल. मी स्वतः १२ अधिक पट्ट्या हेच करतो, कारण पट्टीमुळे उड्या मारणारा मासाही आतच राहतो.

आता मेहुण्यांचं अ‍ॅक्रिलिक. ते काही चुकीचं बोलत नाहीत. अ‍ॅक्रिलिक वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी असतं, धक्क्याने तडकत नाही, आणि काचेपेक्षा जास्त स्वच्छ दिसतं. जाड साध्या काचेत जी हिरवट झाक येते ती काचेतल्या लोहामुळे. अ‍ॅक्रिलिकला ती नसते. जिथे मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी आहे तिथे मी अ‍ॅक्रिलिकला नाही म्हणणार नाही. पण तुमच्या घरी बोअरचं पाणी आहे असं तुम्ही लिहिलंय. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर क्षाराचा जो पांढरा थर बसतो, तोच टँकच्या पाणरेषेवर दर महिन्याला बसणार. काचेवर तो व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास लावून ठेवलं की सुटतो. नाही सुटला तर दाढीच्या पात्याने खरवडता येतो, काचेला काही होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर तेच पातं, इतकंच काय, फडक्यात अडकलेला वाळूचा एक कण फिरला तरी रेघ उमटते. दोन वर्षांत पुढची बाजू धुकं पडल्यासारखी दिसायला लागते. पॉलिश करता येतं, पण त्यासाठी दरवेळी टँक रिकामा कोण करणार? त्यात अ‍ॅक्रिलिक फुगतंही जास्त, म्हणून जाडीही काचेपेक्षा जास्त लागते. आणि काचेचे सांधे ज्याने चिकटवतात ते सिलिकॉन त्याला भरवशाचं धरत नाही. त्याचे सांधे पातळ द्रावणाने विरघळवून एकजीव करावे लागतात. ते हातखंड्याचं काम आहे, घरी पहिल्यांदा करणाऱ्याचं नाही.

मिस्त्रींच्या प्लायबद्दल शिरपूरहूनही पत्र आलंय. ते उत्तर पुढे आहे, तिथे वाचा.

काच घेताना काय बघायचं ते सांगतो. पाचही तुकडे एकाच दुकानातून, एकाच वेळी कापून घ्या. चारही कडा घासून, पॉलिश करून घ्या. दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक कडेवरून हळूच नख फिरवा. कुठे नख अडकलं तर खाली वाकून, कडेशी डोळा नेऊन बघा. तिथे तांदळाच्या कणीएवढा टवका दिसेल. दुकानदार म्हणेल, 'सिलिकॉनमध्ये झाकला जाईल.' दिसायला झाकला जाईल हे खरं. पण काचेची तडक बहुतेक वेळा अशा टवक्यापासूनच सुरू होते आणि आत पाणी असतं तेव्हाच धावते. तो तुकडा परत करा, भिडस्तपणा करू नका. मग समोरासमोरच्या काचा एकमेकांवर ठेवून बघा. दोन्ही कर्ण दोरीने मोजा. एक एमएमचा फरक चालतो, तीनचा चालत नाही.

वजनाचं राहिलं. पाणी, १४० किलोच्या आसपास काच, वाळू, दगड आणि स्टँड मिळून १ टनाच्या वर जातं. लहान मोटार हॉलमध्ये उभी करण्यासारखंच आहे ते. तुमचं क्वार्टर तळमजल्यावर आहे हे वाचून जिवात जीव आला. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, वेल्डिंग केलेला, सहा पायांचा. प्रत्येक पायाखाली पोलादी पाटी. वर १९ एमएम प्लाय, त्यावर अर्धा-पाऊण इंची घट्ट थर्माकोल, आणि मग काचेचा तळ. वेल्डिंगचा एखादा गाठोडा, प्लायचा उंचवटा, चुकून राहिलेला खडा हे सगळं थर्माकोल पोटात घेतो. तो नसला तर एका खड्यावर सगळा भार येतो आणि तळाची काच तिथून तारा उमटल्यासारखी तडकते. पाणसळ दोन्ही दिशांना लावा. टँक मांडल्यावर नाही, रिकामा स्टँड मांडल्यावर.

प्रश्न : घरी सिलिकॉनच्या चार नळ्या पडून आहेत, बाथरूमच्या कामातून उरलेल्या. त्या टँकला चालतील का? आणि टँक उन्हाळ्याच्या सुट्टीतच करायला वेळ आहे.
— शिक्षक, चाळीसगाव

गुरुजी, बाथरूमच्या नळ्या टँकला अजिबात नाही. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. ते पाण्यात उतरतं आणि माशांना मारतं. नळीवर बुरशीरोधक, सॅनिटरी असे शब्द दिसले की बाजूला ठेवा. टँकसाठी शंभर टक्के सिलिकॉन, बिनऔषधाचं, आणि शक्यतो नळीवर अ‍ॅक्वेरियम असं छापलेलं घ्या. नळीची मुदत बघा. मुदत उलटलेलं सिलिकॉन नोझलमधून येतं नेहमीसारखंच, पण पिकत नाही.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. १९९८ च्या मे महिन्यात मी एका डॉक्टरांसाठी ५ फुटी टँक केला. माझा समज असा की ऊन कडक, हवा कोरडी, म्हणजे सिलिकॉन दोन दिवसांत वाळेल. बोटाने दाबून बघितलं तर वरून कडक होतं. पाचव्या दिवशी पाणी भरलं. रात्री अडीचला डॉक्टरांच्या घरून माणूस आला. मागचा सांधा खालून सुटला होता आणि जिना ओला झाला होता. सकाळी मी तो सांधा पातं घालून उघडला. वरची सालपट रबरासारखी झालेली, आणि आत पांढरा लगदा, बोटाला चिकटणारा, व्हिनेगरचा वास अजून तसाच. डॉक्टरांनी एक शब्दही सुनावला नाही, पण मला पुढे कित्येक रात्री झोप आली नाही. त्यांना नवा टँक माझ्या खर्चाने करून दिला.

सिलिकॉन रंगासारखं वाळत नाही. ते हवेतला ओलावा खेचून पिकतं. आणि खान्देशातल्या मे महिन्यात दुपारच्या हवेत ओलावा उरलेलाच नसतो. वरची साल पटकन धरते, आतलं कच्चं राहतं. बऱ्या हवेतही ते दिवसाला दोन-तीन एमएमच आत सरकतं. म्हणून सुट्टीतच करायचं असेल तर पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत सांधे पुरे करा. खोलीत पंखा बंद. दारं-खिडक्या लावून ओली गोणपाटं टांगा, दोन घमेली पाणी भरून ठेवा, आणि गोणपाटं वाळली की पुन्हा भिजवा. गोणपाटाचं पाणी काचेवर मात्र उडू देऊ नका. मोठ्या टँकला तीन आठवडे थांबा. मग नाक टँकच्या आत घालून हुंगा. व्हिनेगरचा जरा जरी वास आला तर अजून थांबा.

सांधा करताना काच स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बोटही लावू नका. सिलिकॉनची सलग धार सोडा, काच बसवताना ती दाबून संपूर्ण बाहेर काढू नका. दोन काचांमध्ये दीड-दोन एमएमचा थर राहिलाच पाहिजे, पकड त्या थराची असते. आगपेटीतल्या काड्या मधे ठेवून माप धरणारे आहेत, पण काडी पुढे आत कुजते. मी प्लॅस्टिकच्या टाइल स्पेसरचे तुकडे ठेवतो आणि काचेच्या अगदी टोकाला ठेवतो. एका सांध्याचं काम एकाच दमात संपवा. साल दहा-पंधरा मिनिटांत धरते, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, आणि पिकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. गळका टँक वरून सिलिकॉन फासून दुरुस्त होत नाही तो याच कारणाने. जुनं सगळं खरवडून काढावंच लागतं.

प्रश्न : धुळ्यात एक शोरूम बंद झालं. तिथले काचेचे दरवाजे स्वस्तात मिळतायत, १२ एमएम जाड. ते कापून टँक करता येईल का?
— व्यापारी, धुळे

नाही, दादा. दुकानाचे असे बिनचौकटीचे दरवाजे टफन काचेचे असतात. काच ६०० अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचा झोत मारतात, त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट बळकट होते. पण त्यानंतर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. हिरा लावून टिचकी मारलीत की पूर्ण पान हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत खाली येईल. कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो बघा. शिक्का पुसला गेला असेल तर पोलरॉइड गॉगल घालून सकाळच्या आभाळाच्या उजेडात काचेकडे तिरकं बघा. टफन असेल तर काळसर ठिपके किंवा पट्टे दिसतात.

न कापता, आहे त्या मापात वापरू असंही मनात येईल. पण त्या दरवाजांना बिजागरीच्या आणि कुलपाच्या खाचा आधीच पाडलेल्या असतात. शिवाय टफन काच जाते तेव्हा एका क्षणात सगळी जाते. साधी जाड काच बहुधा तडकते, झिरपते आणि तुम्हाला बादल्या आणायला वेळ देते. साडेआठशे लिटर पाणी घरात असताना मला तो वेळ हवा असतो.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. विहिरीजवळच्या शेडमध्ये सिमेंटचा १० × ४ × ३ फूट टँक बांधून एका बाजूला काच लावायची आहे. मासे जगतील का?
— शेतकरी, रावेर

जगतील, आणि एवढ्या मापाला सिमेंटच योग्य. पण भिंती विटांच्या नको. तीन फूट पाणी उभं राहिलं की विटेची भिंत कालांतराने पोट काढते आणि गिलाव्याला केसाएवढ्या भेगा जातात. सळई घालून आरसीसी करा. सळईचा हिशोब तुमच्या भागातल्या एखाद्या इंजिनिअरकडून घ्या, त्याचे चार पैसे द्या.

काचेची खिडकी ४ × २ फुटांपेक्षा मोठी ठेवू नका, काच १९ एमएम. ती नेहमी आतल्या बाजूने बसवायची. भिंतीतच चारही बाजूंना दोन इंचांची खाच ठेवा, म्हणजे पाणी काचेला त्या खाचेवर दाबून धरील. लोक बाहेरून काच लावून वर पट्ट्या ठोकतात. तिथे सगळा भार सिलिकॉनवर आणि स्क्रूवर येतो. दाबाला आपल्या बाजूने वळवता येतं तिथे त्याच्याशी झगडायचं कशाला? खाचेला आधी इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या कडक लेपाचे, दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच सिलिकॉन. इथे मात्र व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन चालत नाही. त्यातलं आम्ल सिमेंटशी भांडतं आणि पकड सुटते. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणतात ते घ्या.

आता माशांचं. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ११-१२ वर जातो, आणि त्या पाण्यात मासा सोडला तर तासाभरात जातो. क्युरिंग झालं की टँक भरा, चार-पाच दिवस ठेवा, सोडून द्या, ब्रशने घासा, पुन्हा भरा. असं चार वेळा तरी. तुमच्याकडे एक सोय आहे जी दुसऱ्या कुणाकडे नाही. घड काढल्यावर केळीची जी खोडं बांधावर पडतात, त्यांचे हातभर तुकडे करून भरलेल्या टँकमध्ये आठवडाभर कुजत ठेवा. मासे पाळणारे नव्या हौदासाठी ही रीत वापरतात. पाणी काळं पडतं, घाण वास येतो. ते सगळं बागेला सोडा आणि टँक धुऊन घ्या. पण नुसत्या खोडावर विसंबू नका. पीएचचा किट मासेवाल्याकडे मिळतो. पाणी तीन दिवस ठेवूनही पीएच साडेआठच्या खाली राहिला तरच मासे. एवढं थांबायचं नसेल तर आतून पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारं इपॉक्सी लावा.

एक काळजी तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही म्हणून मुद्दाम लिहितो. शेडमध्ये फवारणीचे पंप, औषधांचे डबे, विद्राव्य खतांची गोणी असणार. ती सगळी दुसरीकडे हलवा. ज्या बादलीत एकदा कीटकनाशक कालवलं ती कितीही धुतली तरी टँकमध्ये बुडवू नका. बागेत फवारणी असेल त्या दिवशी टँकवर ताडपत्री टाका.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. तीन बाजू प्लाय आणि पुढे काच असा टँक टिकतो का? कोणता प्लाय?
— सुतार, शिरपूर

टिकतो, पण त्यात टिकाऊ असतं ते इपॉक्सीचं अस्तर. प्लाय फक्त अंग देतो. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, १९ एमएम. साध्या प्लायचा गोंद ओलाव्याने सुटतो. सांधे गोंद आणि स्टेनलेसचे स्क्रू यांनी. आतून इपॉक्सीमध्ये फायबरची जाळी बसवून निदान तीन हात, कोपऱ्यांत जाळीचे दोन पदर. आठवडाभर पिकू द्या. इथेही काच आतून, प्लायच्या चौकटीवर दाबली जाईल अशी. बाहेरची बाजू आणि तळ रंगवायला विसरू नका, आपल्याकडे वाळवी तळातून चढते.

सहा फुटांच्या आत प्लायने पैसे फारसे वाचत नाहीत, इपॉक्सीत जातात. आठ-दहा फुटांचा करायचा असेल तर मात्र तुमच्यासारख्या हाताच्या माणसाने जरूर करावा. तुम्ही विचारलंय ते पितळी बिजागऱ्या आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळीबद्दल. पाण्याला लागेल असं पितळ, तांबं, जस्त काहीही नको. धातू थोडा विरघळला तरी मासे आणि झिंगे दोघांनाही बाधतो. नळ्या, कॉक सगळं पीव्हीसी.

प्रश्न : काका, आमच्या धाब्याच्या घरात माडीवर टँक ठेवला तर चालेल का? बाबा ४ फुटी टँक करून देणार आहेत. आणि तळाला तापीची वाळू आणि संगमरवराचे खडे टाकू का?
— अकरावीची विद्यार्थिनी, शहादा

माडीवर नको, बाळ. धाब्याचं घर मला फार आवडतं. मातीचं जाड छत, खाली सागाची पाटी, मे महिन्यातही आत गारवा. पण त्या खांब-तुळया कधीच्या आहेत, आतून वाळवीने किती खाल्ल्या आहेत, हे वरून कळत नाही. तुझा ४ फुटी टँक भरल्यावर साडेतीनशे-चारशे किलोचा होईल, आणि तो भार खाटेसारखा हलता नाही, वर्षानुवर्षं एकाच जागी. नव्या स्लॅबच्या घरातही खोलीचा हिशोब चौरस मीटरला २०० किलोचा धरलेला असतो. तेव्हा खालच्या खोलीत ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा, ती दुपारनंतर तापते. बाबांना सांग, उंची दीड फूट, रुंदी दीड फूट, १० एमएम काच.

तापीकाठच्या वाळूत चुनखडीचे कंकर असतात, पांढरट, ओबडधोबड. त्यामुळे पाणी आणखी जड, म्हणजे क्षारांचं होतं. चाचणी सोपी आहे. घरी बांधकामाची वाळू उरली असेल तर मूठभर वाटीत घे, वर व्हिनेगर ओत आणि वाटी कानाशी धर. चुना असेल तर बारीक फसफस ऐकू येते, मग डोळ्यांनाही बुडबुडे दिसतात. फसफसली तर ती वाळू नको. संगमरवर तर पूर्ण चुन्याचाच. त्यालाही व्हिनेगर लावून बघ, तुलाच दिसेल. शिंपले, पोवळं, शहाबादी फरशीचे तुकडे, सगळं त्याच जातीचं. त्यापेक्षा आपला काळा दगड घे. खान्देशभर पायाखाली तोच आहे, तो पाण्यात काही सोडत नाही, आणि त्याच्यावर हिरवं शेवाळ धरलं की फार देखणा दिसतो. आधी ब्रशने घासून धू. उकळू नकोस, आत ओल असलेला दगड गरम होताना फुटू शकतो. मोठा दगड वाळूवर ठेवू नकोस. आधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड आणि मग त्याच्याभोवती वाळू. मासे वाळू उकरतात, आणि खाली पोकळी झाली की दगड कलंडून काचेवर येतो.

मे महिन्यात टँकवर झाकण न ठेवता जाळी ठेव आणि दुपारी बारा ते पाच छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लाव. आपली हवा कोरडी असल्यामुळे माठातलं पाणी गार होतं तसंच हे पाणीही दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी रोज कमी होईल. भर घालताना बोअरचं घालू नकोस, क्षार साठत जातात. पावसाळ्यात पहिलं पाणी सोडून दिल्यावर जे पडेल ते दोन ड्रम भरून, झाकून ठेव. ते उन्हाळ्यापर्यंत पुरलं नाही तर घरच्या क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं वापर.